ट्रॉम्बोनवादकाच्या स्वतःच्या रचना आणि जुने साथीदार: असा अल्बम ऐकताना कान कुठे ठेवावा?

प्रश्न असा आहे: एका जॅझ ट्रॉम्बोनवादकाने अनेक वर्षांच्या साथीदारांना घेऊन केवळ स्वतःच्या रचनांचा नवा अल्बम काढला आहे. प्रश्नकर्त्याने आजवर बहुतेक सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटचेच जॅझ ऐकले आहे. सर्वांना ठाऊक असलेल्या चाली सोडून स्वतःच्या रचना वाजवल्याने आणि साथीदार जुने असल्याने ऐकणाऱ्याला नेमका काय फरक जाणवतो, आणि असा अल्बम कसा ऐकावा, हे त्यांना हवे आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ ट्रॉम्बोन वाजवतो आहे आणि त्यातली बरीच वर्षे त्याच चार माणसांबरोबर वाजवतो आहे, त्यामुळे हे उत्तर तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. माझ्या मते प्रश्नाचे दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले आहेत. ट्रॉम्बोनवादक स्वतःच्या चाली लिहितो याचे मोठे कारण त्याच्या वाद्याच्या घडणीत आहे, आणि त्या चाली त्याला मोजक्या खुणांत लिहिता येतात याचे कारण त्याच्या साथीदारांत आहे. त्यामुळे सुरुवात वाद्यापासूनच करावी लागेल.

ट्रॉम्बोनला सॅक्सोफोनसारख्या कळा नसतात आणि ट्रम्पेटसारखे व्हॉल्व्हही (बोटांनी दाबायच्या झडपा) नसतात. टेनर ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर ती साधारण नऊ फूट भरेल. स्लाइड, म्हणजे नळीचा आत-बाहेर सरकणारा भाग, पूर्ण आत असताना केवळ ओठांचा ताण आणि हवेचा वेग बदलून बी फ्लॅटच्या नैसर्गिक स्वरमालिकेतले स्वर काढता येतात, आणि स्लाइड टप्प्याटप्प्याने बाहेर नेली की ती सगळी मालिका दर टप्प्याला अर्ध्या स्वराने खाली उतरते. अशा सात पोझिशन, म्हणजे स्लाइडच्या जागा, आहेत. त्यांच्यावर कुठेही खूण नसते आणि त्यांच्यातले अंतरही सारखे नसते; जितके बाहेर जावे तितके ते वाढत जाते. म्हणजे वादकाला प्रत्येक स्वर आधी कानात ऐकावा लागतो आणि मग हाताने शोधावा लागतो. तोही असा शोधावा लागतो की शोधल्याचे कुणाला कळू नये.

याचे परिणाम विचित्र असतात. खालच्या भागातला बी फ्लॅट पहिल्या पोझिशनवर मिळतो आणि त्याला लागून असलेला, केवळ अर्ध्या स्वराने वरचा बी थेट सातव्या पोझिशनवर, म्हणजे हात जवळजवळ पूर्ण ताणल्यावर मिळतो. पियानोवर जे शेजारी आहेत ते ट्रॉम्बोनवर दोन टोकांना आहेत. जादा नळी जोडणारा एफ अटॅचमेंट असेल तर ही अडचण कमी होते, पण वाद्य हलके राहावे म्हणून जॅझमधले बरेच वादक तो वापरत नाहीत. उलट वरच्या भागात नैसर्गिक स्वर एकमेकांच्या इतके जवळ येतात की एकच स्वर दोन-तीन ठिकाणी सापडतो. बी फ्लॅट पहिल्या, सी तिसऱ्या आणि डी चौथ्या पोझिशनवर घेतला तर स्वर वर चढत असतात आणि हात मात्र सतत बाहेर, एकाच दिशेने जात असतो. अशा वेळी स्वर आपोआप सुटे पडतात, जिभेला फारसे काम राहत नाही आणि वेगवान ओळ सहज वाहते. ज्याला हे ठाऊक आहे तो चाल लिहितानाच तिच्या स्वरांबरोबर हाताचा रस्ताही लिहीत असतो.

मींडेबद्दलही एक गैरसमज असतो. ट्रॉम्बोन म्हणजे वाटेल तिथून वाटेल तिथे घसरणारे वाद्य, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात एका सलग मींडेची मर्यादा सहा अर्धस्वरांची आहे आणि तीसुद्धा ठराविक स्वरांपासूनच पूर्ण मिळते. शिवाय घसरणे सोपे आणि न घसरणे अवघड असा या वाद्याचा स्वभाव आहे. दोन स्वर जोडून पण स्वच्छ वाजवायचे असतील तर स्लाइड सरकत असतानाच्या त्या क्षणात जिभेने हवा अलगद दाबावी लागते. ट्रॉम्बोनवादक टॉमी डॉर्सी यांचे मुलायम, अखंड वाटणारे वादन ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्या अखंडतेमागे अशी शेकडो लहान तोडणी दडलेली आहेत हे सांगूनही खरे वाटत नाही.

आता जॅझच्या नेहमीच्या चालींकडे पाहू. न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनचे काम चालीखालची जोड भरणे, लांब मींडेने एका कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावरून) दुसऱ्या कॉर्डवर जाणे हे होते. किड ऑरी यांचे वादन याचा उत्तम नमुना आहे. पुढे जे चालींचे भांडार सर्वमान्य झाले ते मुख्यतः रंगभूमी आणि चित्रपटांतल्या गाण्यांचे होते. ती गाणी गळ्यासाठी होती, म्हणून ती ट्रॉम्बोनवर बरी बसतात. खरी पंचाईत 1940च्या दशकात बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझशैलीने केली. त्या चाली सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटच्या बोटांतून जन्मलेल्या होत्या. ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन यांनी त्या वेगात स्लाइडवर इतके स्वच्छ वाजवून दाखवले की ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या काहींना ते व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन, म्हणजे स्लाइडऐवजी व्हॉल्व्ह असलेले वाद्य, आहे असे वाटले. त्यांनी हे शक्य केले, पण त्याचबरोबर पुढच्या दोन-तीन पिढ्यांसमोर एक मोजपट्टीही ठेवली, आणि सॅक्सोफोन जे करतो ते आपल्यालाही येते हे सिद्ध करण्यात आमच्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षे गेली. माझीही गेली. (हेच जॉन्सन 1950च्या दशकाच्या सुरुवातीला वादन जवळजवळ थांबवून सुमारे दोन वर्षे ब्लूप्रिंट तपासण्याची नोकरी करत होते. त्यांच्यासारख्या माणसाला त्या काळी वादनावर घर चालवता येत नव्हते, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.)

त्या मोजपट्टीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे स्वतः लिहिणे, आणि तो मार्गही जॉन्सन यांनीच दाखवला. 1950च्या दशकात त्यांनी लिहिलेली ‘लमेंट’ ही संथ चाल आज सगळ्या वाद्यांचे वादक वाजवतात, पण ती ट्रॉम्बोनवर ऐकावी. स्वरांना थांबायला जागा आहे, श्वास घ्यायला जागा आहे आणि जिथे चाल वर उठते तिथे वाद्याचा आवाज नैसर्गिकपणे उजळतो. त्याआधी 1930च्या दशकात ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातले हुआन तिझोल यांनी ‘कॅरव्हान’ दिली. ते व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन वाजवत, तरीही लांब धरलेले स्वर आणि त्यांच्यामधून नागमोडी उतरणारी ओळ हा ट्रॉम्बोनवादकाचाच विचार वाटतो. ट्रॉम्बोनवादक ग्रेशन मॉन्कर तिसरे यांनी 1963च्या सुमारास आणखी वेगळी वाट धरली. सॅक्सोफोनवादक जॅकी मॅकलीन यांच्या ‘वन स्टेप बियाँड’ या अल्बममध्ये आणि नंतर स्वतःच्या ‘इव्होल्यूशन’मध्ये त्यांनी वेगाच्या स्पर्धेतून अंगच काढून घेतले. थोडे स्वर, लांब शांतता, आणि पियानोऐवजी व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य). या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

माझी स्वतःची पहिली रचना मी पियानोवर बसून लिहिली होती. कागदावर ती देखणी होती. पहिल्या तालमीत मी तिसऱ्या बारपर्यंत (बार म्हणजे मात्रांचा एक ठराविक गट) पोहोचलो आणि माझ्या लक्षात आले की माझ्याच चालीत मी सहाव्या पोझिशनवरून पहिलीवर आणि पुन्हा सहावीवर अशा उड्या मारतो आहे, तेही अशा वेगात की हाताला मनगटापासून सुटून जावेसे वाटेल. सॅक्सोफोनवादकाने ती ओळ पहिल्याच वाचनात सहज वाजवली आणि सौजन्याने काही बोलला नाही. त्यानंतर मी हातात ट्रॉम्बोन घेतल्याशिवाय चाल लिहिलेली नाही. कॉर्ड मागून पियानोवर शोधतो.

आता साथीदारांकडे वळतो, कारण प्रश्नाचा हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि समीक्षेत त्याच्याबद्दल ‘उत्तम समन्वय’ या दोन शब्दांपलीकडे फारसे काही लिहिले जात नाही.

ट्रॉम्बोनची एक अडचण अशी की तो बँडच्या आवाजात सर्वात गर्दीच्या जागी उभा असतो. त्याची बोलकी पट्टी म्हणजे मधल्या सी स्वराच्या खालचे आणि वरचे प्रत्येकी साधारण एक सप्तक. पियानोवादक साथ करताना त्याचे दोन्ही हात नेमके तिथेच असतात. बास सोलो घेताना, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवताना, वर चढला की तोही तिथेच येतो. ड्रमरची राइड सिम्बल (ताल धरणारी मोठी झांज) जरा जास्त झगझगीत असेल तर ट्रॉम्बोनच्या आवाजातली जी वरची धार त्याला वेगळे ओळखू देते तीच झाकली जाते. ट्रम्पेट या गर्दीच्या डोक्यावरून जातो. ट्रॉम्बोनला तिच्यातूनच वाट काढावी लागते. म्हणूनच मॉन्कर यांच्या संगीतातला व्हायब्राफोन मला केवळ रंग वाटत नाही. त्याचे स्वर वरच्या अंगाला असतात, पोकळ असतात, आणि त्यांच्याखाली ट्रॉम्बोनला मोकळी खोली मिळते. याच कारणाने अनेक ट्रॉम्बोनवादक पियानो मुळातच वगळतात. 1954मध्ये ट्रॉम्बोनवादक बॉब ब्रुकमायर सॅक्सोफोनवादक जेरी मलिगन यांच्या पियानो नसलेल्या चौकडीत आले. रॉझवेल रड यांच्या न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेटमध्येही पियानो नव्हता. आणि आपल्या काळात जर्मनीच्या निल्स वोग्राम यांची ‘रूट 70’ ही चौकडी ट्रॉम्बोन, आल्टो सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स अशाच घडणीची आहे आणि तेच चार वादक वर्षानुवर्षे एकत्र आहेत.

पियानो ठेवायचाच असेल तर पियानोवादक जुना असावा. नवा पियानोवादक, कितीही गुणी असला तरी, सवयीने मधली जागा भरतो. जुन्याला ठाऊक असते की ट्रॉम्बोन खाली उतरला की आपला डावा हात उचलायचा, तो वर गेला की खालून आधार द्यायचा आणि त्याचा श्वास संपत आला की पुढच्या कॉर्डची चाहूल थोडी आधी द्यायची. श्वासाची ही गोष्ट गंभीर आहे. ट्रॉम्बोनला हवा भरपूर लागते, त्यामुळे वाक्ये सॅक्सोफोनपेक्षा आखूड पडतात आणि मधल्या रिकाम्या जागा अटळ असतात. माझा ड्रमर माझे खांदे पाहतो. खांदे उचलले गेले की तो त्या फटीत नेमके एवढेच वाजवतो की ऐकणाऱ्याला फट ही फट वाटू नये. हे त्याला मी कधी सांगितलेले नाही, आणि सांगून येईल असेही मला वाटत नाही.

याचा परिणाम थेट लिखाणावर होतो. एलिंग्टन यांच्या हस्तलिखितांत वादकांच्या भागांवर पुष्कळदा वाद्याच्या नावाऐवजी माणसाचे नाव असे. ट्रिकी सॅम नॅन्टन, लॉरेन्स ब्राउन आणि तिझोल हे तीन ट्रॉम्बोनवादक 1932पासून 1944पर्यंत त्यांच्याकडे एकत्र होते आणि तिघांचे आवाज एकमेकांपासून इतके भिन्न होते की एकाचा भाग दुसऱ्याला दिला तर रचनाच बदलून जाईल. नॅन्टन घंटेवर, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडावर, प्लंजर ही रबरी वाटी धरून माणसासारखे बोलत. त्या आवाजासाठी संगीतलेखनात खूणच नाही. तिथे नाव लिहिले की पुरे. मेल्बा लिस्टन यांचे उदाहरण याच्या उलट बाजूने पाहण्यासारखे आहे. त्या स्वतः ट्रॉम्बोनवादक होत्या, पण पियानोवादक रँडी वेस्टन यांच्या चालींसाठी त्यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीपासून 1990च्या दशकापर्यंत वाद्ययोजना केल्या. मधे खंड पडले, तरी वेस्टन यांच्या बोटांतला ताल त्यांना इतका माहीत होता की त्यांच्या योजनेत पियानो नसलेल्या जागीही पियानो ऐकू येतो.

माझ्या जुन्या कागदांत एकाच चालीच्या दोन प्रती आहेत. पहिली आठ पानांची आहे, तिच्यात बासची प्रत्येक ओळ, ड्रम्सचे ठोके, पियानोच्या कॉर्डची मांडणी, सगळे लिहिलेले आहे. दुसरी बारा वर्षांनंतरची, एका पानाची आहे. चाल, कॉर्डची नावे आणि एका ठिकाणी ‘इथे मागच्या वेळेसारखे नको’ एवढीच सूचना. दुसऱ्या प्रतीवरचे वादन ऐकायला निःसंशय अधिक भरीव आहे. त्या आठ पानांत मी साथीदारांना जे करायला सांगत होतो त्यापेक्षा बरेच चांगले ते न सांगता करत होते.

मात्र जुनी ओळख ही नेहमीच गुणाची गोष्ट असते असे समजू नये. पंधरा वर्षे एकत्र वाजवणाऱ्या माणसांकडे एकमेकांना खूश करण्याच्या तयार युक्त्या असतात. सोलोच्या तिसऱ्या आवर्तनात ड्रमर ताल दुप्पट झाल्याचा भास निर्माण करतो, पियानोवादक त्याला प्रतिसाद देतो, सगळे हसतात, आणि ध्वनिमुद्रणात ते हसू ऐकू येत नाही, फक्त युक्ती ऐकू येते. असे अल्बम मी ऐकले आहेत, आणि एक मी स्वतः केला आहे. म्हणून जुन्या साथीदारांसाठी लिहिताना रचनाकाराने त्यांच्या वाटेत काहीतरी आडवे घालावे लागते: सवयीची नसलेली पट्टी, सात मात्रांचे आवर्तन, किंवा साडेनऊ बारचा भाग, जिथे हात सवयीने पडला की चुकतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या दुसऱ्या पंचकाने (पाच वादकांच्या बँडने) 1967मध्ये मुद्रित केलेली, त्यातले सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांची ‘नेफर्टिटी’ ही रचना या दृष्टीने मला फार मोठी वाटते. तीन वर्षे एकत्र असलेल्या त्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सोलो घेतच नाहीत, तीच संथ चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहतात आणि सगळी हालचाल त्यांच्याखाली पियानो, बास आणि ड्रम्समध्ये घडते. ज्यांच्या सोलोसाठी लोक येतात त्यांनीच सोलो सोडून दिला, की बाकीच्यांना सवयीचे काहीच करता येत नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडेसे, कारण ऐकताना त्याचा उपयोग होतो. अशा बँडला शक्यतो एकाच खोलीत, एकमेकांना पाहता येईल असे बसवतात. मग प्रत्येक मायक्रोफोनमध्ये इतर वाद्यांचा थोडा आवाज शिरतो, आणि एखादा चुकलेला स्वर नंतर एकट्याने वाजवून बदलता येत नाही. सगळी चाल पुन्हा वाजवावी लागते किंवा तो स्वर तसाच ठेवावा लागतो. बरेच चांगले अल्बम असे एक-दोन स्वर तसेच ठेवतात. ट्रॉम्बोनचा वरचा, धारदार भाग घंटेच्या सरळ रेषेत जातो, त्यामुळे मायक्रोफोन समोर आहे की जरा बाजूला यावर आवाज पितळी वाटेल की लोकरी हे ठरते. वरची धार सौम्य करणारा रिबन मायक्रोफोन यासाठी अनेकांना आवडतो. आणि ओठ थकतात. उंच स्वरांच्या चाली बहुधा सत्राच्या सुरुवातीलाच घेतल्या जातात, मग त्या अल्बममध्ये शेवटी का असेनात. संथ चालीत आवाज जरा घोगरा, कडेला फाटलेला वाटला तर ती कदाचित सत्राच्या अखेरीस वाजवलेली असेल. मला तो आवाज आवडतो.

आता तुमच्या अल्बमकडे. पहिल्यांदा ऐकताना ट्रॉम्बोनकडे मुद्दाम लक्ष देऊ नका. बासचा आवाज कानात धरून ठेवा आणि प्रत्येक चालीची लांबी मोजा. बारा बार, बत्तीस बार की आणखी काही, हे कळले की रचनाकाराने साथीदारांच्या वाटेत काही घातले आहे की नाही तेही कळेल. सगळ्या चाली बत्तीस बारच्या, मध्यम वेगाच्या आणि सोलोच्या आधी-नंतर जशाच्या तशा असतील, तर त्या सोलो घेण्याचे निमित्त म्हणून लिहिल्या आहेत असे समजायला हरकत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक चालीचे पहिले आणि शेवटचे आवर्तन लागोपाठ ऐका. सुरुवातीला चाल मांडली जाते तेव्हा पियानो आणि ड्रम्स काय करतात आणि सोलो संपून तीच चाल परत येते तेव्हा काय करतात, यात फरक असायला हवा. मधल्या पाच-सात मिनिटांत जे घडले त्याचे काहीतरी त्या परतलेल्या चालीला चिकटलेले असायला हवे. तिसऱ्यांदा ट्रॉम्बोनचे श्वास ऐका. वाक्य जिथे तुटते तिथे दुसरा कोण बोलतो, किती बोलतो आणि कधी कुणीच बोलत नाही, याकडे लक्ष ठेवा.

एखादी संथ चाल असेलच. ती सर्वात शेवटी ऐका, आणि तिच्यातला अगदी अखेरचा लांब स्वर नीट ऐका. स्लाइडवर तो स्वर केसभर वर-खाली होऊ शकतो आणि पियानोचा स्वर हलू शकत नाही. जुना पियानोवादक असेल तर शेवटच्या कॉर्डमधून तो नेमका तोच स्वर गाळतो आणि ट्रॉम्बोनला तो एकट्याने लावू देतो.